वडगावच्या लग्नाला पाण्यावरून

पतंगाला स्वतःला बांधून पाण्यावर उभं राहायचं असेल तर आधी पोहता आलं पाहिजे, अशी पहिली सूचना मोबाईलमधल्या गोऱ्या मास्तरने दिली, तेव्हा भगवंतरावांनी मान हलवून ती मान्य केली. त्यांना पोहता येत नव्हतं. पण सूचना मान्य करायला पोहता यावं लागतं, असं मास्तर कुठे म्हणाला नव्हता.

दुसरी सूचना अशी, की शिक्षकाशिवाय या भानगडीत पडू नये. आणि तिसरी, वारा जर काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर नवशिक्याने मुळीच उतरू नये, कारण मग वारा त्याला पलीकडे नेतो आणि परत येता येत नाही. इथे मात्र भगवंतराव त्या सबंध व्हिडिओत पहिल्यांदा खुश झाले. परत यायचं होतं कोणाला? त्यांना पलीकडेच जायचं होतं.

पलीकडे म्हणजे धरणाच्या पलीकडे, वडगावला. तिथे त्यांचे थोरले मेहुणे पंजाबराव राहत. दीड वर्षापूर्वी बोंडअळीने साऱ्या तालुक्याचा कापूस आतून पोखरून काढला होता. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही असं छापलेलं होतं, पण अळीने ते वाचलेलं नव्हतं. पंजाबरावांनी अकरा एकरांतली उभी पऱ्हाटी नांगरून टाकली, रिकामी पाकिटं पिशवीत भरली आणि बाजाराच्या दिवशी मेहकरात भगवंतरावांच्या बियाण्यांच्या दुकानात आले. भरल्या दुकानात, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला ते म्हणाले, "तुमी बियाणं नाई इकलं जवाई, तुमी अळी इकली!"

भगवंतराव तसे गरीब स्वभावाचे गृहस्थ. पण अपमान झाला की त्यांच्या तोंडून मोठी वाक्यं निघत. काउंटरवर हात आपटून ते म्हणाले, "यापुढं वडगावच्या रस्त्यानं आलो तं दुकानाची पाटी उतरवीन!"

चाळीस गिऱ्हाइकांनी हे ऐकलं. ती चाळीस गिऱ्हाइकं चाळीस गावची होती.

दीड वर्ष निभावलं. मग पंजाबरावांच्या पुष्पांजलीचं लग्न ठरलं. ही पोर अकरावी-बारावीला मेहकरात भगवंतरावांच्याच घरी राहिली होती. तिला रोज स्कूटरवर कॉलेजला सोडणं, तिच्या भौतिकशास्त्रासाठी स्वतः भौतिकशास्त्र वाचणं आणि पेपरच्या दिवशी तिच्याहून जास्त घाबरणं, हे सगळं स्वतःचं मूल नसलेल्या भगवंतरावांनी मनापासून केलं होतं. आत्याचा नवरा म्हणून ती त्यांना मामाजी म्हणे. तिचा सख्खा मामा ती लहान असतानाच वारला होता. आणि मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा पाहिजे, हा तर रिवाज. पुष्पांजलीने फोन करून सांगितलं, "मामाजी, माह्या मांगं तुमीच उभे राहसान. दुसऱ्या कोणाले मी उभं राहू देत नाई."

फोन ठेवल्यावर भगवंतराव बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पत्नी रुखमाबाईंनी लग्नाच्या पंधरा दिवस आधीच बॅग भरली. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "कसं यायचं ते तुमी पाहा. पोरीच्या मांगची जागा रिकामी राह्यली तं मी बी दिवाळीपर्यंत वापस येत नाई."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर भगवंतरावांना बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

शेजारपाजारच्यांनी सल्ल्यांची कमतरता पडू दिली नाही. कोणी म्हणालं, जीपमध्ये डोळे मिटून बसा. कोणी म्हणालं, शेतातून जा. पण शेतातून गेलं तरी नाल्यावरचा पूल रस्त्याचाच होता. धरणात नाव एकच, तीही वडगावच्या काठाला बांधलेली, म्हणजे ती मागायची तर पंजाबरावांच्याच माणसाकडे मागायची. शेजारच्या विमलबाईंनी तर सरळ सांगितलं, "भाऊजी, उतरवा नं पाटी. तशीही वाकडीच हाय ते."

आणि इथेच भगवंतरावांना गोवा आठवला. बियाण्यांच्या कंपनीने विक्री चांगली झाली म्हणून दुकानदारांची सहल तिकडे नेली होती. ज्या वर्षी गिऱ्हाइकांचं पीक गेलं त्याच वर्षी दुकानदारांना समुद्र दाखवण्यात आला, याची भगवंतरावांना तिथेही लाजच वाटत होती. त्या लाजेपायी ते बाकीच्यांपासून दूर, एकटेच वाळूत बसले आणि त्यांनी ते दृश्य पाहिलं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग आणि पायांखाली एक फळी, एवढ्या सामानावर एक माणूस पाण्यावरून सरसर चालला होता. ना इंजिन, ना वल्हं. आता त्यांनी तिथल्या एका ओळखीच्या लॉजवाल्याला फोन केला, आणि मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी पाहुण्याचं जुनं सामान चौथ्या दिवशी एसटीने मेहकरात येऊन पडलं. कंडक्टरने विचारलं, "मंडप हाय का?" भगवंतराव म्हणाले, "वाहन हाय."

कायद्याने वागणारा माणूस म्हटल्यावर परवानगी आलीच. भगवंतराव धरणाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने छापील अर्ज पुढे सरकवला.

"मासेमारी, पाणीउपसा, गाळपेर, मूर्तिविसर्जन. यातलं कोणतं?"

"यातलं कोणतंच नाई. मले पतंगानं पलीकडं जाचं हाय."

बाबूने अर्ज उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. "चारच रकाने हायेत," तो दुःखाने म्हणाला. मग भगवंतरावांच्या देहाकडे त्याने वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि चौथ्या रकान्यात खूण केली. अर्जाखाली अट होती, की मूर्ती पाण्याबाहेर काढून जागा स्वच्छ करण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील. मूर्तीची उंची या जागी भगवंतरावांना पाच फूट चार इंच लिहावं लागलं. त्यांनी सही ठोकली, आणि कागद रीतसर झाला.

दुसऱ्या दिवशी पतंगाची चाचणी. हा पतंग कागदाचा नसतो. त्याच्या कडेला कापडी नळ्या असतात आणि त्या पंपाने फुगवाव्या लागतात. भगवंतरावांनी गच्चीवर घाम गाळून नळ्या फुगवल्या, पतंग उताणा पसरला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि कुठे हवा जाते का ते दुपारी पाहू म्हणून जेवायला खाली गेले. वर आले तर पतंग दिसेना. त्यावर कुरडया दिसत होत्या. दिवस उन्हाळी कामांचे. एवढं मोठं स्वच्छ कापड आयतं ताणून ठेवलेलं पाहून विमलबाईंनी तीन पायली गव्हाच्या चिकाच्या कुरडया त्यावर घातल्या होत्या आणि कडेने थोड्या सांडग्यांचीही सोय केली होती.

"भाऊजी, असं दरसाल आणत जा," त्या समाधानाने म्हणाल्या.

भगवंतराव उत्तर देणार तोच वारा आला. विटा बाजूला झाल्या. पतंग क्षणभर थरथरला आणि कुरडयांसकट गल्लीवरून निघाला. पुढची दोन मिनिटं त्या गल्लीत ओल्या कुरडया पडत होत्या. पोस्टमनच्या टोपीवर पडल्या, उभ्या म्हशीवर पडल्या, आणि एक जोडी तर उघड्या खिडकीतून शिकवणीच्या वर्गात गेली. शेवटी पतंग समोरच्या घराच्या डिश अँटेनाला अडकला आणि मधोमध टरकन फाटला. विमलबाईंनी त्या दिवसापासून भगवंतरावांशी बोलणं बंद केलं. सल्ले मात्र चालू ठेवले. ते भिंतीपलीकडून, कोणालाच उद्देशून नसल्यासारखे येत.

फाटलेला पतंग घेऊन भगवंतराव गुलाम रसूल यांच्या दुकानात गेले. गुलामभाई कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. तीन पिढ्यांचा धंदा. पण गावात त्यांचं खरं नाव होतं ते संक्रांतीला. साठी ओलांडली तरी त्यांचा पतंग कोणी कापलेला नव्हता. त्यांनी ते धूड दुकानात पसरलं, दोऱ्या बोटांनी चाचपल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भगवंतभाऊ, सारी जिंदगी गेली, असा पतंग नाई पाह्यला. आन तुमी याच्यावर कुरडया वाळवता?"

त्यांनी रजईच्या फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ लावून पतंग दुहेरी शिवला, शिलाई घेतली नाही, आणि त्या क्षणापासून ते भगवंतरावांचे उस्ताद झाले. अशा रीतीने मास्तरची दुसरी सूचनाही पाळली गेली. अडचण एवढीच झाली, की दोन गुरूंचं एका मुद्द्यावर जमेना. मोबाईलमधला मास्तर बजावून सांगे, की नवशिक्याने एवढं एक लक्षात ठेवावं, घाबरलात की हातातली दांडी सोडून द्या, पतंगाचा जोर आपोआप जातो. गुलामभाईंना हे ऐकवेना.

"सोडून द्या? काऊन? पतंगबाजीत एकच उसूल हाय. हात कापला तरी चालते, दोर सोडाची नाई. याले कोणी मास्तर केलं?"

भगवंतरावांनी विचार केला. मास्तर दूरचा, उस्ताद गावचा. शिवाय मास्तरला रोज मेहकरच्या बाजारातून जायचं नव्हतं.

पहिला सराव जमिनीवर, मोतीरामच्या शेतात झाला. मोतीराम दुकानाचा जुना गिऱ्हाईक. त्याची पऱ्हाटीही अळीने खाल्ली होती, खुंटं अजून शेतात उभी होती, आणि नुकसानीच्या पंचनाम्याची वाट पाहून पाहून तो आताशा दुकानाकडे फिरकतही नव्हता. भगवंतरावांनी चोरट्यासारखीच त्याची परवानगी मागितली. त्याने नुसतं "पाहा" म्हटलं आणि बांधावर बसला.

गुलामभाईंनी पतंग वर सोडला. भगवंतरावांनी दांडी धरली, आणि उस्तादांचा उसूल असा काही पाळला, की या बांधापासून त्या बांधापर्यंत ते पोटावर गेले. वाटेतली खुंटं मुळासकट निघाली. बाभळीने पतंग अडवला तेव्हा ते थांबले. बांधावर आता वीसेक माणसं जमली होती.

मोतीराम धावत आला. त्यांना उठवून बसवलं, तोंडातली माती काढली, मग मागे वळून शेताकडे पाहिलं.

"भाऊ, माह्या अळीच्या पंचनाम्याले आजून कोणी नाई आलं," तो म्हणाला, "आन तुमच्या पंचनाम्याले सारा गाव आला!"

आणि तो हसायला लागला. पोट धरून, खाली बसून, डोळे पुसत हसला. दीड वर्षात भगवंतरावांनी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. खरचटलेल्या हनुवटीने मग तेही हसले. दुसऱ्या दिवशी मोतीराम स्वतः बोलवायला आला, कारण निम्म्या शेतातली खुंटं अजून बाकी होती.

पाण्यातला सराव तीन दिवस चालला. पाणी गळ्यापर्यंतचं, बुडू नये म्हणून काखेत तणनाशकाचे धुतलेले रिकामे कॅन बांधलेले, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भगवंतराव फळीवर चार सेकंद उभे राहिले. गुलामभाईंनी ते नऊ मोजले.

लग्नाचा मुहूर्त बारा वाजून बत्तीस मिनिटांचा. अकरा वाजताच अलीकडच्या काठावर निम्मं मेहकर आलं होतं. विमलबाईंनी न बोलता दही-साखर हातावर ठेवली. भगवंतरावांच्या पाठीला बियाण्यांच्या जाड पिशवीत गुंडाळलेला फेटा आणि नवा सदरा होता. सव्वाबाराला पश्चिमेचा वारा जोरात सुटला, काठाकडून पाण्याकडे, मास्तरने ज्यात उतरू नका म्हटलं होतं अगदी तसा.

"बिस्मिल्ला," गुलामभाई म्हणाले आणि त्यांनी पतंग सोडला.

फुलाफुलांचं ठिगळ मिरवत पतंग आभाळात चढला. पट्ट्याला हिसका बसला, फळी पाण्यावर आली, आणि भगवंतराव उभे राहिले. चार सेकंद झाले. नऊ झाले. ते उभेच होते. मागे काठावर आरडाओरडा झाला, मग तोही ऐकू येईनासा झाला. फळीखाली पाणी फडफडत होतं. एकावन्न वर्षांचा, बियाण्यांच्या दुकानात बसून पाठ वाकलेला हा माणूस धरणाच्या मधोमध ताठ उभा राहून वाऱ्यावर चालला होता. दीड वर्षाची लाज, ती पाकिटं, ते वाक्य, सगळं मागच्या काठावर राहून गेलं. भगवंतरावांना इतका आनंद झाला की ते मोठमोठ्याने ओरडू लागले. काय ओरडले ते त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही.

मग वडगावचा काठ जवळ आला, आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली जी मास्तरने सांगितलीच नव्हती. कारण मास्तर समुद्रावरचा होता आणि समुद्र मे महिन्यात आटत नाही. धरण आटतं. अलीकडून जी जमीन दिसत होती ती जमीन नव्हती, पाणी मागे सरून उघडा पडलेला गाळ होता. फळी गाळावर चढली आणि जागीच थांबली. भगवंतराव थांबले नाहीत. दांडी त्यांच्या हातात होती आणि उस्तादांचा उसूल डोक्यात. गाळपेरीच्या टरबुजांच्या दोन ओळी त्यांनी छातीने पार केल्या. तिसऱ्या ओळीपाशी मात्र उसूल संपला. "माफ करा गुलामभाई!" असं ओरडून त्यांनी दांडी सोडली. पतंग गपकन खाली बसला, आणि उठून उभं राहायला गेलेले भगवंतराव मांड्यांपर्यंत गाळात रुतले.

मंडप समोर, शंभर पावलांवर. वाजंत्री थांबली होती. सगळं वऱ्हाड काठावर येऊन बघत होतं. तेवढ्यात एक उंच, फेटेवाला माणूस हाका मारत पुढे धावला, "थांबा, थांबा! हलू नोका बे, आनखी रुतसान!" परक्या माणसाचा जीव जातोय असं समजून तो थेट गाळात शिरला, दहाबारा पावलं आला, आणि हातभर अंतरावर तोही मांड्यांपर्यंत रुतून बसला.

भगवंतरावांनी हेल्मेट काढलं. समोर पंजाबराव होते.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"रस्त्यानं नाई आलो," भगवंतराव शेवटी म्हणाले.

"दिसते," पंजाबराव म्हणाले.

भगवंतरावांच्या काखेतल्या कॅनवरून पाणी ठिबकत होतं. पंजाबरावांनी निघण्यासाठी एक हिसका दिला आणि ते आणखी वीतभर खाली गेले. मग त्यांनी नाद सोडला.

"जवाई," ते खाली बघत म्हणाले, "बियाणं तुमचंच खराब होतं असं नाई. साऱ्यांचंच गेलं. मले ठाऊक होतं."

"मंग काऊन बोलले तसं?"

"कोणावर तरी रागवाचं होतं नं, बाप्पा! अळीवर रागवाव तं ते बोंडात. कंपनीवर रागवाव तं तिचं घर कुठी हाय, कोणाले मालूम? तुमी आपले. तुमच्यावर रागवता येत होतं."

या माणसाने आपल्याला दीड वर्षापूर्वी आपला म्हणून बोल लावला होता, हे भगवंतरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी चिखलाचा हात पुढे केला. पंजाबरावांनी तो धरला, आणि धरूनच ठेवला.

काठावर भटजी घड्याळ दाखवून ओरडू लागले, "तीन मिनिटं! मुहूर्त टळते! नवरीच्या मामाले काढा!" दोर नव्हता, नाव बांधली होती ती दूर, आणि तीन मिनिटांत कोणी निघणार नव्हतं. मामा नाही तर नवरी उभी राहणार नाही, हे पुष्पांजलीने सकाळीच जाहीर केलं होतं.

तेव्हा रुखमाबाई पुढे आल्या. नवऱ्याकडे, भावाकडे, मग दोघांच्या धरलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं, आणि वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मामा नवरीच्या मांगं पायजे नं? मंग नवरीले इथी आना. धरणाकडं पाठ करून उभी करा!"

भटजींनी क्षणभर विचार केला. शास्त्रात मामाने पाठीशी उभं राहावं असं होतं. किती अंतरावर, हे नव्हतं. दोन मिनिटांत पाट आले, अंतरपाट आला, प्रेम नावाचा तो गोंधळलेला नवरदेव आला. पुष्पांजली काठावर धरणाकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या मागे दहाबारा पावलांवर, गाळात, तिचे मामाजी उभे होते आणि त्यांना टेकून तिचे वडील. मंगलाष्टकं सुरू झाली. सावधान म्हटलं की काठावरून अक्षता उडत आणि थोड्या गाळात येऊन पडत. पंजाबराव मोठ्याने नाक ओढत होते. भगवंतराव तर उघड रडत होते आणि चिखलाच्या हाताने डोळे पुसत होते, त्यामुळे ते कोण आहेत हे सासरच्या मंडळींना नंतर दोनदा सांगावं लागलं.

अंतरपाट सरला, माळा पडल्या, वाजंत्री कडाडली. लोक दोर शोधायला पळाले. पण पुष्पांजली थांबायला तयार नव्हती. पहिला नमस्कार मामाजींना, असं म्हणून तिने मांडवातल्या दोन बाजा आणवल्या, गाळावर आळीपाळीने उचलून एकापुढे एक टाकायला लावल्या, आणि शालू खोचून, नवरदेवाला हाताशी धरून ती त्यांवरून भगवंतरावांपर्यंत आली.

"पोरी, राहू दे," भगवंतराव म्हणाले. "पाय खाली हायेत."

"असतीन," ती म्हणाली. बाजेवर पालथी होऊन तिने मेंदीचा हात कोपरापर्यंत गाळात घातला. हिरव्या चुड्यासकट हात आत गेला. ती चाचपत राहिली, मग तिला एक पाऊल लागलं.

"हा?"

"तो माहा व," पंजाबराव म्हणाले. "मामाचा अलीकडं हाय. आंगठा सुजला हाय, पाह्य."

तिने हात अलीकडे नेला. गार गाळात, कोणाला न दिसणाऱ्या त्या जागी तिची बोटं भगवंतरावांच्या सुजलेल्या अंगठ्याला लागली आणि तिथे थोडा वेळ तशीच थांबली. भगवंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुंडावळ्या चिखलाने माखल्या. पुष्पांजली खाली तोंड घालून हसत होती.

"सापडला, मामाजी," ती म्हणाली.